कर्तव्य, प्रीती आणि निरोप

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, गोदावरीच्या खोऱ्यात, अंकुशनगर नावाची एक वसाहत आहे. अंकुशराव टोपे यांचे नाव धारण करणारी ही वसाहत एका साखर कारखान्याच्या आश्रयाने वाढली, आणि त्या कारखान्याचे नाव ‘समर्थ’ असे आहे. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब हे शेजारच्याच घनसावंगी तालुक्यात असल्यामुळे हे नाव त्या मुलखास सहज शोभते. नदीच्या वरच्या अंगास, कोपरगावी, दुसरा एक साखर कारखाना ‘संजीवनी’ या नावाने उभा राहिला. कोपरगावच्या बेटावर शुक्राचार्यांचे देवालय आहे, आणि बृहस्पतिपुत्र कचाने संजीवनी विद्या मिळविली ती याच ठिकाणी, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. उसाच्या गोडीवर चालणाऱ्या या दोन कारखान्यांच्या नावांमागे एकेक कटू निरोप दडलेला आहे, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. एका कथेत प्रियकर प्रेयसीला सोडून जातो. दुसरीत नवरा मुलगा बोहल्यावरून निघून जातो. दोघांच्याही मुखी कारण एकच, कर्तव्य.

कर्तव्य आणि प्रीती यांचा झगडा लागला असता कर्तव्य श्रेष्ठ, हे उत्तर आपल्याकडे शाळकरी निबंधातसुद्धा ठरलेले असते. त्या उत्तराविषयी येथे वाद घालावयाचा नाही. कर्तव्यासाठी निघून जाणारा माणूस मागे राहणाऱ्या माणसाशी कसा वागला, त्याला त्याने विचारले काय, निदान सांगितले काय, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे. या प्रश्नाच्या उजेडात गोदाकाठच्या जुन्या कथा पाहू लागले म्हणजे त्या ओळखीच्या असूनही निराळ्या दिसतात.

कच-देवयानीची कथा महाभारताच्या आदिपर्वात आहे. देव आणि असुर यांचे युद्ध चालू होते. युद्धात मेलेल्या असुरांना शुक्राचार्य संजीवनी मंत्राने उठवीत. देवांच्या गुरूंजवळ, म्हणजे बृहस्पतींजवळ, ती विद्या नव्हती. तेव्हा देवांनी बृहस्पतींचा ज्येष्ठ पुत्र कच यास शुक्राचार्यांकडे शिष्य म्हणून पाठविले. येथपर्यंतची हकीकत सर्वांस ठाऊक असते. परंतु देवांनी त्याला निघताना काय सांगितले याकडे मूळ कथा वाचणाऱ्याने अवश्य लक्ष द्यावे. शुक्राचार्यांची लाडकी कन्या देवयानी हिला तू आपल्या शीलाने, दाक्षिण्याने आणि गोड वागणुकीने संतुष्ट कर, ती संतुष्ट झाली म्हणजे विद्या तुझ्या हाती आलीच असे समज, असे देवांनी त्याला स्पष्ट सांगितले होते. म्हणजे कर्तव्य आणि प्रीती यांचा विरोध या कथेत शेवटी उत्पन्न झालेला नाही. त्या कर्तव्याचा मार्गच मुळी एका तरुणीच्या हृदयातून आखलेला होता.

कचाच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की त्याने आपले कुळ लपविले नाही. आपण अंगिरसांचा नातू व बृहस्पतींचा पुत्र आहोत हे त्याने शुक्राचार्यांस पहिल्याच भेटीत सांगितले, सहस्र वर्षे ब्रह्मचर्याने राहण्याचे व्रत घेतले आणि ते पाळले. तो देवयानीसाठी गात असे, नाचत असे, वाद्ये वाजवीत असे, फुले-फळे आणून देत असे. तीही त्याच्या सन्निध गात असे. असुरांना संशय आल्यावर त्यांनी गाई राखावयास गेलेल्या कचाला मारून त्याचे तुकडे लांडग्यांना घातले. त्या संध्याकाळी देवयानी पित्याजवळ जे बोलते ते फार साधे आणि म्हणूनच हृदयास भिडणारे आहे. सूर्य मावळला, अग्निहोत्र आटोपले, गाई राखणाऱ्यावाचून घरी आल्या, आणि कच दिसत नाही, असे ती सांगते. घरात कोणी वेळेवर परत न आल्यावर बायकामाणसांच्या जिवाची जी कालवाकालव होते ती व्यासांनी अचूक टिपली आहे. तिच्या आग्रहाने शुक्राचार्यांनी कचाला उठविले. पुढे असुरांनी त्याला पुन्हा मारले, पुन्हा तो उठला. शेवटी त्यांनी त्याला जाळून त्याची राख मद्यात कालवली आणि ते मद्य खुद्द शुक्राचार्यांनाच पाजले. आता कचाला उठवावे तर त्याला गुरूचे पोट फाडूनच बाहेर यावे लागणार, आणि न उठवावे तर मुलगी प्राण ठेवीत नाही. या पेचातून सुटका एकच होती. पोटातल्या कचाला विद्या शिकवावयाची, त्याने बाहेर यावे, आणि त्याच विद्येने गुरूला उठवावे. तसेच घडले. मद्यपानाविरुद्ध शुक्राचार्यांनी मर्यादा घातली ती याच प्रसंगी. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी आपल्या ‘विद्याहरण’ नाटकात, म्हणजे 1913 साली, हाच धागा उचलला, आणि मद्याने विद्या कशी गमावली जाते हे रंगभूमीवर दाखविले.

व्रत संपले. कच घरी निघाला. आता देवयानी त्याच्यापुढे उभी राहून सांगते की माझे पाणिग्रहण कर. येथे महाभारतकारांनी तिला खाली मान घालून अश्रू ढाळावयास लावलेले नाही, तिला बोलू दिले आहे, आणि ती युक्तिवाद करते. असुर तुला वारंवार मारीत होते तेव्हापासून मी तुझ्यावर कशी प्रीती केली ते आठव, निरपराध भक्त स्त्रीचा त्याग करणे तुला उचित नाही, असे ती म्हणते. कच उत्तर देतो की तू गुरुकन्या, म्हणून मला पूज्य. आणि ज्या उदरातून तू आलीस त्याच उदरात मीही राहिलो, म्हणून धर्माने तू माझी बहीण. तुझ्या घरी मी सुखाने राहिलो, माझ्या मनात कोणताही राग नाही, मला जाण्याची अनुज्ञा दे आणि बोलण्याच्या ओघात कधीतरी माझी आठवण काढ, असेही तो सांगतो.

या उत्तरात सौजन्य पुष्कळ आहे, परंतु पुरे सत्य आहे काय? उदरवासाचे नाते तर अखेरच्या मृत्यूनंतर उत्पन्न झाले. त्यापूर्वीची शेकडो वर्षे तिला संतुष्ट करणे हा आपल्यावर सोपविलेल्या कार्याचा भाग होता, हे कच तिला या क्षणीही सांगत नाही. कदाचित् त्याला तिच्याविषयी खरेच काही वाटू लागले असेल. कथा याविषयी मौन बाळगते. देवयानी मग शाप देते की तुझी विद्या तुला फळणार नाही. कच म्हणतो, मला न फळो, मी ज्याला शिकवीन त्याला ती फळेल. आणि तुझा शाप धर्मातून आलेला नसून कामातून आलेला आहे, म्हणून कोणीही ऋषिपुत्र तुझे पाणिग्रहण करणार नाही. देवांचे कार्य त्यामुळे अडले नाही. अडले ते देवयानीचे आयुष्य. पुढे राजा ययातीशी तिचा विवाह, शर्मिष्ठेशी वैर आणि त्या संसाराची झालेली माती ही सर्वश्रुत आहे.

या एका निरोपाने मागाहूनच्या लेखकांना स्वस्थ बसू दिले नाही. वि. स. खांडेकरांनी 1959 साली प्रसिद्ध केलेल्या ‘ययाति’ कादंबरीत कच हा संयमाचा आदर्श होऊन राहिला आहे. भोगात बुडालेल्या ययातीसमोर असा कोणी उभा करणे त्या कादंबरीची गरजच होती. रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याहून कितीतरी आधी, 1894 साली, ‘विदाय-अभिशाप’ हे नाट्यकाव्य लिहिले, आणि त्यात मूळ कथेला एकाच ठिकाणी हात लावला. त्यांचा कच प्रतिशाप देतच नाही. शाप ऐकून घेऊन तो तिला सुखी होण्याचा वर देऊन जातो. बदल लहान, परंतु त्याने सारा तोल पालटतो. ज्याने जाण्याचा निश्चय केला आहे त्याने निदान मागे राहणाऱ्याचा राग ऐकून घ्यावा, त्याला उलट उत्तर करू नये, ही समज त्या एका फेरफारात आहे. व्यासांच्या कचापेक्षा रवींद्रांचा कच अधिक जाणता वाटतो, असे म्हटल्याने व्यासांचा अनादर होऊ नये.

पाश्चात्त्य वाङ्मयातही या जातीची एक थोर कथा आहे. रोमन कवी व्हर्जिल याच्या ‘इनीड’ महाकाव्यात ट्रॉयचा वीर इनीअस हा कार्थेजची राणी डायडो हिच्या आश्रयास राहतो. दोघांची प्रीती जडते. इटलीस जाऊन नवे राष्ट्र स्थापण्याचे तुझे कार्य तू विसरलास काय, असे देवदूत त्याला विचारतो, आणि इनीअस राणीस न सांगता गलबते सज्ज करावयास लागतो. राणीला ते कळतेच. ती त्याच्या जाण्यापेक्षाही या लपवाछपवीने अधिक विद्ध होते. ती आत्मघात करते. पुढे परलोकात दोघांची गाठ पडते तेव्हा इनीअस रडून क्षमा मागतो, आणि डायडो एक शब्दही न बोलता तोंड फिरवून निघून जाते.

ही झाली देवादिकांची आणि राजेराण्यांची गोष्ट. गोदाकाठी परत येऊन पैठणजवळच्या आपेगावाकडे वळले म्हणजे हाच प्रश्न एका कुलकर्ण्याच्या घरात सापडतो. आपेगाव हे ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचे गाव. त्यांचे वडील विठ्ठलपंत लहानपणापासून विरक्त वृत्तीचे. तीर्थयात्रा करीत ते आळंदीस आले, आणि तेथील सिधोपंतांनी आपली कन्या रुक्मिणी त्यांस दिली. संसारात विठ्ठलपंतांचे मन रमेना. संन्यास घ्यावयाचा तर पत्नीची संमती हवी, असा शास्त्राचा दंडक. विठ्ठलपंतांनी ती संमती कशी मिळविली याविषयी परंपरेत निरनिराळ्या कथा आहेत. पत्नीचे चित्त ठिकाणावर नसताना, गंगेस जातो असे म्हणून, तिच्या तोंडून होकार काढून घेतला, असा त्यांचा साधारण आशय आहे. शब्द मिळाला, अर्थ मिळाला नाही. विठ्ठलपंत काशीस गेले आणि गुरूंपाशी आपण एकटे आहोत असे भासवून संन्यासी झाले.

रुक्मिणीबाई आळंदीस अश्वत्थाला प्रदक्षिणा घालीत राहिल्या. काही वर्षांनी तेच गुरू यात्रेच्या निमित्ताने आळंदीस आले. या बाईंनी नमस्कार केला, त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला, आणि बाईंच्या मुखावर हसू उमटले. चौकशी होताच सर्व प्रकार उघडकीस आला. गुरूंनी जे केले ते या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. यात्रा अर्धवट टाकून ते काशीस परतले आणि शिष्याला त्यांनी घरी पाठविले. संन्यास हे कर्तव्य खरे, परंतु एका स्त्रीची फसवणूक करून घेतलेला संन्यास मान्य करावयास स्वतः संन्यासी असलेला तो गुरू तयार झाला नाही.

या न्यायाची किंमत मात्र न्याय देणाऱ्याने दिली नाही. संन्याशाने पुन्हा संसार थाटला म्हणून ब्रह्मवृंदाने त्या कुटुंबास वाळीत टाकले. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई ही चारही लेकरे संन्याशाची पोरे म्हणून वाढली. मुलांची मुंज व्हावी म्हणून आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त पत्करले, असे परंपरा सांगते. तेराव्या शतकातली ही हकीकत नामदेवांच्या चरित्रपर अभंगांपासून आजवर सांगितली जात आहे. कीर्तनकार ती सांगताना मुलांच्या थोरवीकडे लवकर वळतात, आणि ते स्वाभाविकही आहे. तथापि बारा बारा वर्षे प्रदक्षिणा घालणारी ती बाई त्या घाईत थोडी मागे पडते.

याच पैठणात सोळाव्या शतकात एकनाथ होऊन गेले. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीच्या किल्ल्यावरील अधिकारी, म्हणजे स्वतः कारभार पाहणारे. त्यांनी शिष्यास गृहस्थाश्रम स्वीकारण्याची आज्ञा केली, आणि एकनाथ व गिरिजाबाई यांचा संसार हा अन्नदानाचा, ग्रंथलेखनाचा आणि परमार्थाचाही संसार झाला. म्हणजे कर्तव्य व प्रीती एका घरात नांदूच शकत नाहीत हा सिद्धांत गोदाकाठानेच खोटा ठरविला आहे. पुष्कळदा दोहोंना जागा पुरते. जागा पुरत नाही असे वाटणे हा जाणाऱ्याच्या स्वभावाचाही भाग असतो.

अंकुशनगराकडे हंगामात फेरी मारली तर या गोष्टीचे एक रोखठोक रूप दिसेल. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. त्यांच्या भाषेत ‘कोयता’ म्हणजे नुसते हत्यार नव्हे. नवराबायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात, आणि मुकादम जी उचल देतो ती या जोडीच्या हिशेबाने. एकाने ऊस तोडावयाचा, दुसरीने मोळ्या बांधावयाच्या, दोघांनी मिळून गाडी भरावयाची. येथे काम आणि सोबत एकाच पालाखाली राहतात, कारण निराळे होणे परवडतच नाही. ताटातूट होते ती म्हाताऱ्या आईबापांशी, आणि कित्येकदा गावी ठेवलेल्या शाळकरी मुलांशी. कर्तव्यासाठी जोडीदाराचा त्याग करणे हीदेखील एक प्रकारची सुबत्ता आहे, हे शहरातल्या दिवाणखान्यात बसून एरवी सुचत नाही.

आता जांब. सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई यांच्या पोटी शके 1530, म्हणजे 1608 साली, रामनवमीस नारायण जन्मला. वडील लवकर वारले. थोरले बंधू गंगाधरपंत घर पाहात. बारा वर्षांचा नारायण लग्नाचे नाव काढताच रानात पळे, म्हणून आईने त्याच्याकडून वचन घेतले की अंतरपाट धरीपर्यंत नाही म्हणावयाचे नाही. लग्न जवळच्या आसनगावी ठरले. मुलाने वचन अक्षरशः पाळले. अंतरपाट धरला, ब्राह्मणांनी ‘सावधान’ म्हटले, आणि सावध होऊन तो मांडवातून निघून गेला. ही कथा समर्थांच्या निर्याणानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिल्या गेलेल्या हनुमंतस्वामींच्या बखरीमुळे फार प्रसिद्ध झाली, त्यामुळे तिच्यातील प्रत्येक बारकावा इतिहास म्हणून घेण्याचे कारण नाही. बारा वर्षांच्या मुलाची येथे प्रीती होती असेही कोणी म्हणणार नाही. परंतु महाराष्ट्रात कर्तव्यासाठी केलेल्या त्यागाचे उदाहरण कोणी मागितले, तर दहांतले नऊ जण हेच देतील.

त्या मांडवात अंतरपाटाच्या पलीकडे एक मुलगी उभी होती. तिचे पुढे काय झाले? याचे पहिले उत्तर शास्त्रात आहे. मंगलाष्टके आणि अंतरपाट यांनी लग्न पुरे होत नाही. सातवे पाऊल पडल्यावाचून विवाह सिद्ध होत नाही, असे मनुस्मृतीपासूनचे मत आहे, आणि 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमातही, जेथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे तेथे, सातव्या पावलासच विवाह पूर्ण होतो असे म्हटले आहे. अर्थात नारायण ज्या क्षणी गेला त्या क्षणी ती मुलगी शास्त्राने कुमारिकाच होती. तिचे लग्न दुसऱ्या वराशी लावून देण्यास धर्माची हरकत नव्हती, आणि तसे ते लावून दिले असेही सांगतात. सातव्या पावलानंतर तो गेला असता तर त्या काळच्या रूढीप्रमाणे तिला जन्मभर कोणाचा आधार उरला नसता. विठ्ठलपंतांच्या जाण्यात आणि नारायणाच्या जाण्यात हे मोठे अंतर आहे. मुलाला हे कळत होते काय, की ‘सावधान’ हा केवळ धीराचा शेवटचा क्षण होता, याचा निर्णय ज्याने त्याने करावा.

नारायण नाशिकला गेला. टाकळीस बारा वर्षे तप, पुढे बारा वर्षे तीर्थाटन, आणि मग जांबेस परत येऊन आईची भेट. तोवर राणूबाईंची दृष्टी गेली होती. या भेटीचे वर्णन चरित्रकारांनी मनसोक्त केले आहे. मुलाने दारात उभे राहून श्लोक म्हटला, थोरल्या सुनेने गोसावी आला म्हणून सांगितले, आणि आईने आवाजावरून त्याला ओळखले. चोवीस वर्षांनी का होईना, त्या घराचा निरोप त्याने रीतसर घेतला; काही दिवस राहिला, आईची समजूत घातली, आणि मग कृष्णाकाठची वाट धरली. आसनगावच्या मुलीचे नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले नाही.

‘दासबोधा’च्या बाराव्या दशकाचा पहिलाच समास उघडून पाहावा. मांडव सोडून गेलेला हा पुरुष तेथे गृहस्थांना सांगतो की अगोदर प्रपंच नीट करा, मग परमार्थाकडे वळा. प्रपंच टाकून परमार्थ कराल तर कष्टी व्हाल. त्यांच्या शिष्यवर्गात वेणाबाई आणि अक्कामाई या दोन बालविधवा होत्या. त्या काळच्या समाजाने ज्यांच्यासाठी कोपऱ्यावाचून काही ठेवले नव्हते, त्यांतील एकीला त्यांनी मिरजेचा मठ दिला आणि दुसरीने चाफळ व सज्जनगड येथील व्यवस्था समर्थांच्या मागेही सांभाळली.